हिरवी पाकळी

तो बंद दारासमोर उभा होता, आणि माझ्या हातात सफरचंदांची पेटी होती.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. सरोवरावरचं धुकं चढत चढत विद्यापीठाच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघंच. भुकेल्या पोटी कुणाला गणित सुचत नाही, म्हणून आमच्या साहाय्य केंद्राच्या दारात कायम काहीतरी खायला ठेवलेलं असतं. त्या आठवड्यात ते आणायची पाळी माझी होती.

"गणिताच्या वर्गाला आलास का?" मी मागून विचारलं.

तो दाराच्या काचेतून रिकाम्या बाकांकडेच बघत राहिला. मी पेटी सावरत त्याच्या पुढ्यात गेले तेव्हा दचकला… आणि मग असा हसला, जसा काही तो माझीच वाट बघत होता.

"वर्ग खाली गेला, एकशे बारामध्ये," मी म्हटलं. "सोमवारी सगळ्यांना सांगितलं म्हणे."

"सगळ्यांना? मग मी सगळ्यांत नसेन." त्याने पेटीत डोकावून एक सफरचंद उचललं, देठापाशी अंगठ्याने दाबून पाहिलं. "ही गेल्या वर्षीची आहेत. थंड कोठीत झोपवून ठेवलेली. आमच्याकडे झाडं नव्या फळांनी वाकलीयत, आणि तुम्ही लोकांना म्हातारी फळं खाऊ घालताय."

"आधी खाऊन बघ, मग नावं ठेव."

"काय म्हणालीस?" तो खाली वाकला, अगदी माझ्या चेहऱ्यापाशी. "तू बोलतेस की पुटपुटतेस?"

"मी अशीच बोलते."

"मग मला जवळच यावं लागणार." त्याने सफरचंदाचा मोठा लचका तोडला. "नाइलाज आहे."

त्याचं नाव एलिसेओ बारागान. खाली दक्षिणेला हार्ट गावाच्या बाजूला चेरी आणि सफरचंदाच्या बागा आहेत, तिथे त्याचे आईवडील तोडणीला येतात. घरातून विद्यापीठात पोहोचलेला हा पहिलाच. पूल बांधायला शिकायचं होतं त्याला. आणि त्याच दुपारी मार्लिसनी माझ्या हातात नव्या मुलांची यादी ठेवली, तर तिसरं नाव त्याचंच.

मार्लिस हिल्टुनेन म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुख. साठीच्या, ठेंगण्या, कायम लोकरी मोज्यांत. त्यांचं एक म्हणणं असायचं, "मार्क नापास होत नाहीत गं आयली, माणूस नापास होतो. तेव्हा अख्खा माणूस बघायचा." त्यासाठी प्रत्येक मुलाच्या नावाने सहा पाकळ्यांचं एक चक्र होतं: शरीर, मन, अभ्यास, घर, सोबत आणि श्रद्धा. आम्ही वरच्या वर्गातली मुलं खालच्या मुलांचे सोबती. दर भेटीनंतर एकेक पाकळी रंगवायची. ठीक असेल तर हिरवी, शंका असेल तर पिवळी, काळजीची असेल तर लाल. शेजारी दोन ओळी लिहायच्या. पिवळी दिसली की त्या त्या जागेची माणसं हलत. शरीराची पिवळी झाली तर परिचारिका डेलफीन त्याच आठवड्यात मुलाला बोलावून नखशिखांत तपासायची. या पद्धतीने गेल्या वर्षी आम्ही कितीतरी मुलं काठावरून ओढून आणली होती. माझा त्यावर विश्वास होता. अजूनही आहे, हेच वाईट आहे.

*

मंगळवार आणि गुरुवार, दुपारी तीन. तो कधी चुकला नाही.

आल्याआल्या खुर्ची उचलायचा आणि टेबलाला वळसा घालून माझ्या डाव्या हाताला आणून ठेवायचा. समोर बसायचा नाही. भोजनगृहातसुद्धा कोपऱ्यातलंच टेबल, पाठ भिंतीला. मला वाटायचं… नको, काय वाटायचं ते कुणालाही कळेल.

"गर्दीत बसलो असतो की," मी एकदा म्हटलं.

"गर्दीत तू हरवतेस."

"मी इथेच तर बसलेली असते."

"तू असतेस गं. तुझा आवाज हरवतो."

एकदा त्याने आमच्या पास्टीवर, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भाजलेल्या करंजीवर, लाल मिरचीचा सॉस ओतला. आमच्या गावात ती केचपबरोबर खावी की ग्रेव्हीबरोबर यावरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात, पण मिरची कुणी घातलेली मी पाहिली नव्हती.

"माझ्या पणजोबांनी हीच पास्टी खाणीत खाल्ली," मी म्हटलं. "अशीच, कोरडी."

"म्हणून तुमच्या घरात सगळे इतके हळू बोलतात. घसाच उघडला नाही कुणाचा." त्याने एक तुकडा माझ्यापुढे धरला. "खा. पाप नाही लागत. मी विचारून घेतो तुझ्या देवाला."

"तोही हळूच बोलतो."

"अरे देवा, मग माझं कठीण आहे," तो म्हणाला. मी हसले, तर तो हसणं सोडून माझ्या ओठांकडे बघत राहिला.

हे असं नेहमी व्हायचं. मी बोलायला लागले की त्याची नजर माझ्या ओठांवर यायची आणि तिथून हलायची नाही. आमच्या घरात मुली ओठ रंगवत नाहीत, नाचाला जात नाहीत. सकाळी उठल्यावर एक स्तोत्र म्हटल्याशिवाय मी कुणाशी शब्द बोलत नाही. तो माझा नेम आहे, बाराव्या वर्षापासूनचा. आणि त्या शरद ऋतूत मी स्तोत्र म्हणताना आरशासमोर उभी राहायला लागले… शब्द म्हणताना ओठ कसे हलतात ते बघायला. मग लाजून देवाची क्षमा मागायची.

रस्त्याने चालताना तो कायम माझ्या डावीकडे. टेकडी उतरताना रस्ता डाव्या हाताला असतो, म्हणून मला वाटलं, गाड्यांच्या बाजूने चालतोय, चांगल्या घरचा मुलगा आहे. परत चढताना रस्ता उजवीकडे यायचा. तरी तो डावीकडेच असायचा, भिंतीच्या बाजूला. हे मला दिसत होतं. दिसत होतं आणि मी त्याचा विचार केला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी पहिला बर्फ पडला. वारा इतका बोचरा की मी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला होता. काहीतरी सांगत होते, बहुतेक त्याच्या गणिताबद्दलच. तो थांबला. त्याने हातमोजा काढला, आणि दोन बोटांनी माझा मफलर हळूच हनुवटीखाली ओढला.

"हे तोंडावर नको घेत जाऊस," तो म्हणाला.

"थंडी आहे."

"आहे खरी. पण माझ्याबरोबर असताना नको."

गणिताचं काय सांगत होते तेच विसरले मी. तो वाट बघत होता, माझ्या ओठांकडे बघत.

केंद्रात परतून त्याचं चक्र उघडलं. सहाच्या सहा पाकळ्या हिरव्या केल्या. शरीराच्या शेजारी लिहिलं: 'ताजातवाना. नजर देऊन बोलतो. प्रत्येक शब्द लक्ष देऊन ऐकतो.' ओठांचं लिहिलं नाही. मफलरचं लिहिलं नाही. अशा गोष्टी कुणी लिहितं का?

*

इकडे अभ्यासाचं मात्र बिनसत चाललं होतं. प्राध्यापक प्रुइट दर पंधरवड्याला सूचना पाठवायचे. 'वर्गात विचारलं तर उत्तर देत नाही.' 'गटचर्चेत तोंड उघडत नाही.' लिहून दिलेलं गणित तो चोख सोडवायचा, पण तोंडी सांगितलेलं काही त्याच्या वहीत सापडायचं नाही. मग सहामाहीची परीक्षा दोन दिवस अलीकडे आली. वर्गात जाहीर झालं होतं. तो जुन्या तारखेला जाऊन पुन्हा एका रिकाम्या खोलीसमोर उभा राहिला.

"कसा काय चुकलास?" मी विचारलं.

"विसरलो."

"विसरलास?"

"तुझ्या नादात," तो म्हणाला, आणि हसला. मला ते खरं वाटलं. खरं वाटून आनंदही झाला, देव मला क्षमा करो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या बुधवारी समिती बसली. तीन विषयांत तो बुडाला होता. ठेवायचं की वर्षभर घरी पाठवायचं, एवढंच ठरायचं होतं. टेबलाभोवती सहा जण, आणि भिंतीवर त्याचं चक्र. दहा आठवडे, सहा पाकळ्या, सगळं हिरवंगार. इतकं सुंदर चक्र त्या दिवशी दुसऱ्या कुणाचंच नव्हतं.

"म्हणजे खायला मिळतंय, झोप होतेय, मित्र आहेत, घरचं ठीक आहे," प्रुइट म्हणाले. "मग उरतं काय? इच्छा नाही, एवढंच. परवा जिन्यात मी मागून तीन वेळा हाक मारली त्याला. मान वळवली नाही पठ्ठ्याने."

डेलफीन कागदावर पेन फिरवत होती. "शरीर एकदा जरी पिवळं आलं असतं ना, तर मी डोळे-कान तपासून घेतले असते," ती सहज म्हणाली. "पण इथे तर लिहिलंय, प्रत्येक शब्द लक्ष देऊन ऐकतो."

कान.

खुर्ची. भिंतीची बाजू. कोपरा. मफलर. माझ्या ओठांवरची ती न हलणारी नजर… एकेक गोष्ट जागची उठून दुसऱ्या जागी जाऊन बसली, आणि मी कितीतरी दिवस ज्याला प्रेम म्हणत होते त्यातलं काही माझ्यापाशी उरलं नाही.

"मला त्याच्याशी बोलू द्या," मी म्हटलं.

"काय गं?" मार्लिस म्हणाल्या. कुणालाच ऐकू गेलं नव्हतं. मला पुन्हा बोलावं लागलं, आणि त्याला नीट ऐकू येत नसावं हेही सांगावं लागलं.

ठरलं ते असं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत त्याने स्वतःच्या सहीने लिहून दिलं की ऐकण्याची अडचण आहे, तर निकाल मागे. कानाची तपासणी, यंत्र, वर्गात टिपणं, परीक्षा पुन्हा, सगळं केंद्र बघणार. सही आली नाही तर तो घरी.

*

गुरुवारी भोजनगृहात, त्याच कोपऱ्यात, मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाचला, आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्याच्या अंगावरचे कपडे ओढून काढले.

"कोण बोललं?"

"कुणी नाही. मला कळलं."

"कधी?"

"काल." मी समोर बसले होते, त्याला ओठ दिसावेत म्हणून. पहिल्यांदाच समोर. "डावा अजिबात नाही ना?"

"लहानपणी वाहायचा. उजवा अर्धा चालतो, मूड असेल तेव्हा." त्याने कागद उलटा केला. "हे 'चक्रातील नोंदींनुसार' म्हणजे काय? कसलं चक्र?"

"ते… पहिल्या दिवशी सभागृहात सांगितलं होतं सगळ्यांना."

"सभागृहात." तो मान हलवत राहिला. "माइकवरून, नाही का?"

मी सांगितलं. सहा पाकळ्या, तीन रंग, दोन ओळी. सांगताना त्याची नजर माझ्या ओठांवर होती.

"म्हणजे मी गेलो की तू बसून रंगवायचीस."

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मफलरच्या दिवशीपण?"

"…त्या दिवशीपण."

"कुठला रंग दिलास?"

"हिरवा. सगळ्यांना हिरवा."

तो हसला. त्या हसण्याला आवाज नव्हता. "मला वाटायचं, या अख्ख्या गावात एक टेबल आहे जिथे मला कुणी तपासत नाही. एक मुलगी आहे, ती माझ्याशी हळू बोलते, कारण तिला घाई नाही."

"एलिसेओ, सही कर. हे मी केलंय, मला निस्तरू दे. इथे कुणी तुला कमी लेखणार नाही."

"पप्पांना कमी ऐकू येतं हे चौदा वर्षं कुणाला माहीत नव्हतं. कळलं, आणि तिसऱ्या दिवशी फवारणीच्या ट्रॅक्टरवरून खाली उतरवलं. कामात चूक निघाली नव्हती. नुसतं कळलं होतं."

"इथे तसं होत नाही."

"इथे सहा जण टेबलाभोवती बसून माझी झोप रंगवतात, आयली."

त्याने माझं नाव घेतलं तेव्हा मी रडायला लागले. रडणाऱ्या माणसाचे ओठ वाचता येत नसावेत. तो थांबून राहिला.

"मला वाटलं होतं…" मी म्हटलं.

"काय?"

"की तू माझ्याकडे बघतोस."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी चमचे आपटत होतं. त्याला ते ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे.

"आधी ऐकायला बघत होतो," शेवटी तो म्हणाला. "मग कधी बदललं, ते मलाही सांगता येणार नाही. आहे त्यासाठी एखादी पाकळी तुझ्याकडे?" त्याने थाळी उचलली. कागद तिथेच ठेवला.

मी तशीच मार्लिसकडे गेले. माझ्या सहीने चालेल का, असं विचारलं.

"नाही चालत. आणि चालत असतं तरी मी घेतली नसती," त्या म्हणाल्या. "अख्खा माणूस बघायचा म्हटल्यावर त्याचा नकारही त्यातच आला."

"तो ओठांकडे बघायचा, मार्लिस. पहिल्या दिवसापासून. मला लाज वाटली म्हणून मी लिहिलं नाही."

त्यांनी चष्मा काढला. रागावतील असं वाटलं होतं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"डेलफीनला एका ओळीत कळलं असतं गं," त्या एवढंच म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत बसल्या.

*

शुक्रवारी सकाळी स्तोत्र म्हणायला बसले, आणि पहिल्यांदाच मला पुढची ओळ आठवली नाही. तशीच उठले; तो बारापर्यंत थांबणार नाही, हे मला कळत होतं. सव्वानऊला दक्षिणेची बस सुटते, पेट्रोल पंपाच्या बाजूने. मी धावत गेले, नेम अर्धा टाकून, कागद कोटाच्या आत धरून.

तो आत जाऊन बसला होता. खिडकीपाशी. बसचं इंजिन घरघरत होतं, बर्फ काढणारी गाडी रस्त्याने खरवडत चालली होती, आणि मी काचेवर हात आपटला तो मला स्वतःलाच ऐकू आला नाही. त्याला हादरा जाणवला असावा. त्याने मान वळवली.

मी कागद काचेला लावला. त्याने मान हलवली, नाही.

"सही कर," मी म्हटलं. आवाज काढलाच नाही, काढून उपयोगही नव्हता. नुसते ओठ हलवले, सावकाश. चाळीस माणसांच्या त्या बसमध्ये मी काय म्हणते आहे ते एकट्या त्याला कळत होतं. "बारा वाजायला वेळ आहे. उतर खाली."

नाही.

चालकाने दार ओढून घेतलं. काचेवर माझ्या श्वासाचं धुकं धरायला लागलं, ते मी बाहीने पुसलं, म्हणजे त्याला दिसेल. मग मी ते म्हणायला सुरुवात केली, जे मी कुणालाच कधी म्हटलं नव्हतं, आरशालासुद्धा नाही. "एलिसेओ, माझं तुझ्यावर…"

त्याला पुढचं कळलं. ते त्याच्या चेहऱ्यावर आलं, मी पाहिलं. डोळे भरले, आणि क्षणभर वाटलं की तो उठेल, उठून त्या अरुंद वाटेने पुढे येईल.

त्याने डोळे मिटून घेतले.

कानांवर हात ठेवण्याची त्याला गरज नव्हती. त्याला ऐकायचं नसलं की एवढंच करावं लागायचं. बस हलली. मी तिच्या बाजूने चालत राहिले, घसरत, काचेला हात लावून, आणि ते मिटलेले डोळे लांब जाईपर्यंत मी राहिलेलं वाक्य पुरं केलं.